राखून ठेवलेला निकाल

आकडा जाहीर झाला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि न्यायमूर्ती नलिनी चिमोटे आपल्या दालनात एका भाडेकरूच्या अपिलाचा निकाल सांगत होत्या. समोर मनोहर नंदेश्वर मान खाली घालून लिहून घेत होता. एकोणीस वर्षं तो त्यांचा स्टेनो होता. त्या यवतमाळला दिवाणी न्यायाधीश होत्या तेव्हापासूनचा. अमरावतीला उच्च न्यायालयाचं नवं खंडपीठ सुरू झालं आणि त्या तिथं अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून आल्या, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती : स्टेनो नंदेश्वरच हवेत.

निबंधक दार न वाजवता आत आले. हातातला फोन त्यांनी टेबलावर ठेवला.

"मॅडम, समितीनं जाहीर केलं."

पडद्यावर एकच ओळ होती. सोनझरी खाण प्रकरण : खाणीला मनाई होण्याची शक्यता ९३ टक्के.

चिमोटेंनी ती वाचली आणि फोन परत सरकवला.

"त्र्याण्णव," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही." मग मनोहरकडे वळून, "कुठं होतो आपण?"

"'भाडेकरूने नोटीस स्वीकारली नाही,' इथं, मॅडम."

त्या पुढं सांगू लागल्या. मनोहर लिहीत राहिला, पण त्या पानावरच्या रेघा त्याला नंतर स्वतःलाच नीट लागल्या नाहीत. मॅडम बोलल्या ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्यांच्याखेरीज जगात फक्त त्याला माहीत होतं.

घटनादुरुस्ती होऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी अतिरिक्त न्यायमूर्तींची दोन वर्षांची मुदत संपली की त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे बंद दाराआड ठरे. लोकांना ते खटकत होतं आणि त्यात लोकांचं काही चुकत नव्हतं. आता अकरा आमदार-खासदारांची पुष्टी समिती होती. सुनावणी सगळ्यांसमोर, मतदान हात वर करून. पहिल्या वर्षी सभासद न्यायमूर्तींना त्यांच्या जुन्या भाषणांबद्दल आणि नातेवाइकांबद्दल विचारत. दुसऱ्या वर्षी 'कलमापक' आला आणि प्रश्न विचारायची गरजच संपली.

कलमापक म्हणजे पुण्याच्या 'मतिमान' नावाच्या कंपनीनं तयार केलेली संगणकप्रणाली. एखाद्या न्यायाधीशाचे आजवरचे सगळे निकाल तिला वाचायला देत. माणूस निकालात शेवटची ओळ वाचतो, कलमापक बाकीचं सगळं वाचे. कुठल्या साक्षीदाराचं म्हणणं आधी मांडलं, कुणाच्या बाबतीत 'सांगतो' लिहिलं आणि कुणाच्या बाबतीत 'असा दावा करतो', सरकारी वकिलाच्या मुद्द्याला किती ओळी दिल्या, जामीन देताना वाक्य किती लांबलं. एकेका निकालातून अशा हजारो खुणा गोळा होत, आणि त्यांतून त्या न्यायाधीशाची एक गणिती प्रतिकृती उभी राही. मग तिच्यापुढं नवं प्रकरण ठेवायचं. एकदा नाही, हजार वेळा, दर वेळी मांडणी किंचित बदलून. हजारांपैकी नऊशे तीस वेळा एकच उत्तर आलं, तर शक्यता त्र्याण्णव टक्के.

यंत्रावर विश्वास का ठेवायचा, याचंही उत्तर कंपनीकडे होतं. चिमोटेंच्या चार हजार निकालांपैकी चारशे निकाल यंत्रापासून लपवून ठेवले होते. त्या चारशे प्रकरणांचा अंदाज नंतर यंत्राला करायला लावला. तीनशे चौसष्ट बरोबर आले. शंभरात एक्क्याण्णव. अंदाज आणि खरे निकाल यांची पूर्ण यादी कंपनीनं समितीला दिली होती आणि समितीनं ती सगळ्यांसाठी खुली केली होती.

सोनझरीची खाण मेळघाटाच्या पायथ्याशी व्हायची होती. पाच गावांची जमीन, आणि बॅटरीसाठी लागणारं दुर्मिळ खनिज. गावांनी ग्रामसभेत संमती दिली ती खरी की कागदावरची, एवढाच वाद होता. दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर तो चालला आणि दोघांचं एकमत झालं नाही. नियमाप्रमाणे प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. त्या म्हणजे चिमोटे. त्या सांगतील तो निकाल.

म्हणून सत्ताधारी पक्षाचे सहा सभासद त्यांच्या विरोधात होते आणि विरोधी पक्षाचे पाच त्यांच्या बाजूने. दोघांचं कारण एकच होतं : त्र्याण्णव टक्के. मंगळवारी मतदान होतं. चिमोटेंची मुदत शुक्रवारी संपत होती.

"मॅडम," संध्याकाळी फायली आवरताना मनोहर धीर करून म्हणाला, "सोनझरीचा निकाल मतदानाआधीच देऊन टाकला तर?"

"मतदानाआधी दिला तर तो निकाल राहणार नाही, नंदेश्वर. तो अर्ज होईल."

*

शनिवारी सकाळी ऋजुता पुण्याहून आली. मनोहरची ही एकुलती एक मुलगी भाषाशास्त्रज्ञ होती आणि मतिमानमध्येच नोकरीला होती. कलमापकाला मराठी तिनंच शिकवलं होतं. गेल्या वर्षी मनोहरनं मोठ्या अभिमानानं हे सगळ्या ऑफिसला सांगितलं होतं. आता कुणी विचारलं तर तो विषय बदलत असे.

नाश्ता होईपर्यंत दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. मग ऋजुता उठून आतल्या खोलीत गेली आणि लाकडी कपाटासमोर उभी राहिली.

"बाबा, वह्या अजून इथंच आहेत ना?"

दोनशे बारा वह्या. चिमोटेंनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्यांत शॉर्टहँडमध्ये होतं. छापलेल्या निकालात नसलेलंही. बाकीचे न्यायमूर्ती आता यंत्राला तोंडी सांगत आणि यंत्र टाइप करी, पण ते सगळं सर्व्हरवर राही. गेल्या वर्षी एका न्यायमूर्तींचा कच्चा मसुदा समितीनं सर्व्हरवरून मागवला होता. त्यातलं पुढं खोडलेलं एक वाक्य भर सभागृहात वाचून दाखवलं, आणि त्या गृहस्थांनी संध्याकाळी राजीनामा दिला. चिमोटे यंत्राला काही सांगत नसत. त्यांचे मसुदे मनोहरच्या वह्यांत होते, आणि वर्षभरानं वह्या नष्ट करायचा नियम होता. मनोहरनं एकही नष्ट केली नव्हती. बायको मंदा दर दिवाळीला विचारायची, काहून ठेवली ही रद्दी? तो कपाटाचं दार लावून घेई.

"ऋजू, तिकडं जाऊ नकोस."

"ऐका तरी. आमच्या यंत्राला फक्त पक्के निकाल मिळतात. माणूस तिथवर कसा पोचला ते दिसत नाही. मसुदे मिळाले तर अंदाज कितीतरी नेमका होईल. कदाचित त्र्याण्णव राहणारही नाही."

"आणि वाढला तर?"

"तर वाढला. खरं असेल ते समोर येईल."

"त्या बाईंनी माझ्यासमोर बोललेलं आहे ते. तुझ्या यंत्रासमोर नाही."

"तुम्ही तरी कुठं नियम पाळलात?" ऋजुता म्हणाली आणि लगेच ओशाळली. पण बोलून झालं होतं. मनोहर उठून अंगणात गेला.

*

रविवारी सकाळी घरासमोर पांढरी गाडी थांबली. आमदार पद्माकर उगले एकटेच उतरले. समितीतले सत्ताधारी पक्षाचे सभासद. खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं, मग मंदाची चौकशी केली, आणि मगच मुद्द्यावर आले.

"नंदेश्वरभाऊ, मी काही बाईंचा दुश्मन नाही. माझ्या चुलत्याच्या वाटणीचा खटला त्यांच्यासमोरच होता. आम्ही हरलो. पण त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, हे माझ्या ध्यानात आहे."

मनोहरनं पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"सहा विरुद्ध पाच आहे. माझं एक मत फिरलं की बाई कायम. पण मले पक्षाले काही दाखवा लागते. 'ही बाई आधीच ठरवून बसली आहे,' असं आमचे लोक म्हणतात. तसं नाही, त्यांचं मन फिरू शकते, एवढं दाखवणारं एखादं पान... तुमच्यापाशी वह्या आहेत म्हणतात."

न्यायालयाच्या आवारात अशी गोष्ट लपत नाही. मनोहरला आश्चर्य वाटलं नाही. त्याला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. असं पान खरोखरच होतं. सोळा वर्षांपूर्वीचं, दगडखाणीमुळं आटलेल्या वणीच्या एका विहिरीचं प्रकरण. मॅडमनी सकाळी दगडखाणीच्या मालकाच्या बाजूनं पूर्ण निकाल सांगितला होता. बावीस पानं. दुसऱ्या दिवशी येऊन त्या म्हणाल्या होत्या, "कालचं सगळं खोडा." छापील निकाल विहिरीवाल्याच्या बाजूनं होता. यंत्रानं तेवढाच वाचला होता.

"मी विचार करतो, साहेब."

"करा. पण मंगळवारी तुम्हाले समितीपुढं बोलावणं आहे. तिथं मी विचारीन. न विचारून चालणार नाही मले."

गाडी गेली. मनोहरनं शर्ट बदलला आणि सायकल काढली. कॅम्पातल्या चिमोटेंच्या बंगल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यानं मनाशी वाक्यं जुळवली होती. तिथं गेल्यावर त्यातलं एकही वापरता आलं नाही.

"वह्या?" चिमोटे म्हणाल्या. "कुठल्या वह्या?"

"सगळ्या, मॅडम. यवतमाळपासूनच्या."

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "वर्षभरानं नष्ट करायच्या असतात त्या."

"हो."

"दर वर्षी तुम्ही दाखला देत होता. नष्ट केल्याचा. त्यावर तुमची सही आहे आणि तुमच्या भरवशावर माझी."

"हो, मॅडम."

"का केलंत असं?"

"फाडवल्या नाहीत," मनोहर म्हणाला. यापेक्षा खरं कारण त्याच्यापाशी नव्हतं. मग त्यानं घाईघाईनं उगल्यांचं सांगितलं, विहिरीच्या पानाचं सांगितलं. "एक पान, मॅडम. एक पान दाखवलं की तुम्ही कायम व्हाल."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

"मी तुमच्यासमोर चुकीचं बोलू शकत होते," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं, पूर्ण वाक्यात, बावीस पानं. बोलून झाल्यावर मला ऐकू यायचं, की हे पटत नाही. तुम्ही खाली मान घालून लिहीत होता म्हणून मला ते जमलं. हे उद्या कुणी वाचणार आहे असं वाटलं असतं, तर पहिल्यांदा सुचलं त्यालाच मी धरून बसले असते. शहाणं दिसावं म्हणून. विहिरीचा तो माणूस हरला असता."

"पण हे एकदाच, मॅडम. फक्त—"

"एकदा दाखवलं की दर वेळी मागतील. माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाकडे मागतील. माझं पद वाचवायला मी ते करणार नाही." त्या थांबल्या. आवाज आणखी खाली आला. "तुम्ही मला वाचवायला आलात हे मला समजतंय. पण एकोणीस वर्षं मला वाटत होतं, की ती वाक्यं जगात कुठंच नाहीत. उद्यापासून डिक्टेशनला साखरकर येतील."

मनोहर उभाच होता. "मग वह्यांचं काय करू?"

"ते मला विचारू नका. मी काहीही सांगितलं तरी ते माझ्या सोयीचं होईल."

*

घरी येऊन मनोहर ओसरीवर बसला. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. चार वाजता ऋजुता चहा घेऊन बाहेर आली. कालच्या भांडणानंतर पहिल्यांदाच.

"काय झालं, बाबा?"

"मॅडमनी मला काढलं. बरोबरच केलं."

ऋजुता त्याच्याशेजारी बसली. तिनं समजूत घातली नाही, त्याचं त्याला बरं वाटलं.

"एक विचारू?" तो थोड्या वेळानं म्हणाला. "तुझ्या यंत्राला प्रकरण सोपं की अवघड, हे कळतं का गं?"

"म्हणजे?"

"मॅडमकडं येणारं बहुतेक सोपंच असे. निकाल काय होणार ते मलासुद्धा आधी कळायचं. युक्तिवाद संपला की तिथल्या तिथं, कोर्टातच सांगून मोकळ्या. पण वर्षाला वीस-पंचवीस अशी यायची की त्या म्हणायच्या, निकाल राखून ठेवला. मग तीन आठवडे, महिना, दीड महिना. त्यांत काय होणार हे मला कधीच कळलं नाही. शेवटची ओळ लिहीपर्यंत नाही."

ऋजुताचा कप अर्ध्यावर थांबला. "राखून ठेवल्याची तारीख कुठं लिहिलेली असते?"

"रोजनाम्यात, कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत. सगळी संकेतस्थळावर आहे. कुणीही बघावं."

ती उठली, आत गेली आणि लॅपटॉप घेऊन बसली. समितीनं खुली केलेली चारशे प्रकरणांची यादी तिनं एका बाजूला घेतली, न्यायालयाचे रोजनामे दुसऱ्या बाजूला. युक्तिवाद कधी संपला, निकाल कधी लागला, मधले दिवस किती. मनोहर तिला जिल्हा न्यायालयाच्या जुन्या नोंदी कुठं सापडतील ते सांगत होता. वहीला दोघांनीही हात लावला नाही. मंदानं दोनदा जेवायला हाक मारली.

साडेआठला ऋजुता खुर्चीत मागं रेलली.

"तीन आठवड्यांपेक्षा जास्त राखून ठेवलेली प्रकरणं अठ्ठेचाळीस. त्यांतले यंत्राचे बरोबर आलेले अंदाज पंचवीस."

"आणि नाणं उडवलं असतं तर?"

"चोवीस." ती हसली नाही. "उरलेल्या तीनशे बावन्नपैकी तीनशे एकोणचाळीस बरोबर. म्हणून एकूण एक्क्याण्णव टक्के छान दिसतात. जे कुणालाही कळलं असतं ते यंत्राला कळतंय. जिथं बाईंनाच विचार करावा लागला तिथं त्याला काहीच कळत नाही. उत्तर मात्र तेवढ्याच ठामपणे देतं."

"सोनझरी राखून ठेवून चौतीस दिवस झालेत," मनोहर म्हणाला.

"हो." ऋजुता पडद्याकडं बघत राहिली. "आमच्या कंपनीतल्या साहेबांना हे माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं. मी कधी विचारलंच नाही, बाबा."

सोमवारी तिनं पुण्याला फोन केला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोन आठवड्यांत अंतर्गत तपासणी करू, तोवर बाहेर एक शब्दही नको, करारात ते लिहिलेलं आहे, म्हणाले. मतदान दुसऱ्या दिवशी होतं. फोन ठेवून ऋजुतानं समितीकडे अर्ज लिहिला, की मला साक्ष द्यायची आहे.

*

मंगळवारी अकरा वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला खाण हवी म्हणणारे, दुसऱ्या बाजूला नको म्हणणारे, मध्ये कॅमेरे. पहिलं नाव मनोहरचं पुकारलं गेलं.

उगले उठले. "नंदेश्वर, न्यायमूर्तींच्या डिक्टेशनच्या जुन्या वह्या तुमच्यापाशी आहेत का?"

नाही म्हणता आलं असतं. दाखले त्याच्या बाजूचे होते.

"आहेत. दोनशे बारा. नष्ट केल्याचे दाखले मी खोटे दिले. न्यायमूर्तींना ते परवापर्यंत माहीत नव्हतं."

सभागृहात गलका झाला. अध्यक्षांनी हातोडी आपटली.

"त्यांतलं मी सांगतो ते प्रकरण वाचून दाखवाल?" उगल्यांचा आवाज मऊ होता. मदत केल्यासारखा.

"नाही, साहेब."

विरोधी पक्षाच्या अरुंधती बेलसरे लगेच उभ्या राहिल्या. त्र्याण्णव टक्के त्यांना जसेच्या तसे हवे होते. "साक्षीदारावर दबाव आणू नका. त्यांना काही वाचायचं नसेल तर—"

"ताई, मी तुमच्यासाठीही वाचणार नाही," मनोहर म्हणाला. "तुम्हाला सोयीचं असतं तरी नाही."

बेलसरे खाली बसल्या.

"समितीचा आदेश मोडला तर हक्कभंग होतो," अध्यक्ष म्हणाले. "तुरुंगात जावं लागेल. वह्या जप्त करता येतील."

"करा, साहेब. पण ते शॉर्टहँड मी माझ्या सोयीनं बदलत नेलेलं आहे. माझ्याखेरीज कुणाला लागणार नाही." त्यानं कठड्याला धरलं. "मी चूक केली ती ठेवण्याची. वाचून ती दुप्पट करणार नाही."

त्याला बाजूच्या बाकावर बसवलं. दोन पोलीस येऊन मागं उभे राहिले. मग ऋजुता आली.

तिला दहा मिनिटं दिली होती. तिनं सातच घेतली. चारशे, त्यांतले अठ्ठेचाळीस, त्यांतले पंचवीस. कुठलीही तारीख कुणीही आपल्या फोनवर तपासावी, म्हणाली. काहींनी तिथंच तपासायला सुरुवात केली. मतिमानच्या वकिलानं हरकत घेतली. साक्षीदार कंपनीची नोकर आहे, तिला बोलायचा अधिकार नाही. "आकडे चुकीचे आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं. वकील कागद चाळू लागला.

उगले पुढं वाकले. "म्हणजे सोनझरीत बाई काय निकाल देतील?"

"मला माहीत नाही."

"तुमच्या यंत्राले?"

"त्यालाही नाही."

"मंग माहीत कोणाले आहे?"

"कुणालाच नाही, साहेब. बहुधा त्यांनाही नाही."

अकरा सभासद आकडा आल्यापासून आपापलं मत खिशात घालून फिरत होते, आणि आता खिसा रिकामा झाला होता. बेलसऱ्यांनी आपल्या शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं, त्यानं मान हलवली, त्यांनी पुन्हा सांगितलं. सत्ताधाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या खासदारानं, ज्यानं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, चिमोटेंच्या जुन्या निकालांची फाइल मागवली आणि सगळ्यांना थांबवून वीस मिनिटं ती वाचत बसला.

एक वाजता हात वर झाले. मनोहरनं मोजले. पुन्हा मोजले. सहा बाजूनं, पाच विरुद्ध. पण त्या सहांत तीन सत्ताधारी होते आणि तीन विरोधक. उगल्यांचा हात वर होता. बेलसऱ्यांचा नव्हता.

ऋजुता सभागृहाच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या फोनवर कंपनीचं पत्र आलेलं होतं. तिनं ते बापाला दाखवलं नाही. दोन दिवसांनी सांगितलं.

*

समितीनं मनोहरला लेखी ताकीद दिली आणि विषय सोडला. न्यायालयानं सोडला नाही. खात्याची चौकशी झाली, त्यानं सगळं कबूल केलं आणि त्याची बदली तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात झाली. चौकशीच्या शेवटी निबंधकांच्या देखत दोनशे बारा वह्या यंत्रातून बारीक कापल्या गेल्या. दोन तास लागले. वणीच्या विहिरीची वही कुठली ते त्याला पाठीवरच्या डागावरून ओळखू आलं. त्यानं ती बाकीच्यांसारखीच पुढं सरकवली.

चिमोटे दोनदा जिन्यात भेटल्या. त्यानं नमस्कार केला, त्यांनी केला. दुसऱ्या वेळी त्या थांबल्या, "ऋजुताला कुठं काम मिळालं का?" म्हणाल्या. "शोधतेय, मॅडम." त्यांनी मान हलवली आणि वर गेल्या. वह्यांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

मतदानानंतर तीन आठवड्यांनी सोनझरीचा निकाल लागणार असं फलकावर आलं. मनोहरनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न्यायदालनात मागच्या बाकावर जाऊन बसला. ऋजुता शेजारी होती.

"काय वाटतं?" तिनं हळूच विचारलं.

"खाणीला परवानगी देतील," तो म्हणाला. विहिरीच्या निकालानंतर दोन महिने त्या कशा बेचैन होत्या, दगडखाणीवरच्या बेकार झालेल्या मजुरांबद्दल काय बोलायच्या, हे त्याला आठवत होतं. त्याची खात्री होती.

एकोणीस वर्षांत त्यांचा प्रत्येक राखून ठेवलेला निकाल त्यानं जगाच्या आधी ऐकला होता. आज बाकीच्यांसारखाच तोही बसला होता. चिमोटे आल्या. वाचू लागल्या. पहिली वीस मिनिटं काहीच कळेना. मग त्यांनी अभिलेखातलं पान सहाशे अकरा काढलं. पाचही गावांच्या ग्रामसभा एकाच दिवशी, सकाळी अकराला भरल्या होत्या. पाचही ठिकाणी हजर म्हणून सही एकाच मंडळ अधिकाऱ्याची होती. पहिलं गाव आणि शेवटचं गाव यांत बेचाळीस किलोमीटरचा घाट. हा मुद्दा कुठल्याच वकिलानं मांडला नव्हता. आधीच्या दोन न्यायमूर्तींच्याही नजरेतून तो सुटला होता. संमती रद्द. ग्रामसभा पुन्हा, न्यायालयाच्या निरीक्षकासमोर. तोवर खाणीला मनाई.

दालनाबाहेर एकच आरडाओरडा झाला. कुणी घोषणा देत होतं, कुणी फोनवर 'यंत्र बरोबर ठरलं' म्हणत होतं. जिन्यापाशी उगले उभे होते. चेहरा उतरलेला.

"नंदेश्वरभाऊ, आता पक्षात मले जोडे बसतील," ते म्हणाले. "तुमच्या पोरीनं फसवलं का मले?"

"साहेब, ती माहीत नाही म्हणाली होती. मलाही माहीत नव्हतं. मी तर उलटंच धरून बसलो होतो."

उगल्यांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "खरं?"

"खरं."

"पाच ठिकाणी एकच सही," उगले स्वतःशीच पुटपुटले. "आम्ही कोणीच पाहिली नाही." आणि माणसांच्या गर्दीत निघून गेले.

ऋजुता पाणी आणायला गेली. तेवढ्यात दालनाच्या बाजूच्या दारातून साखरकर बाहेर आल्या. चिमोटेंच्या नव्या स्टेनो. त्यांच्या हातात वही होती, नवी, अर्धी भरलेली. मनोहर दिसताच त्या जवळ आल्या. डोळ्यांत सांगायची घाई मावत नव्हती.

"नंदेश्वर, तुम्हाला म्हणून सांगते हं. मागच्या सोमवारी मॅडमनी आधी—"

मनोहरनं हात वर केला.

"नको, बाई," तो म्हणाला. "मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

साखरकर गोंधळून थांबल्या. मग त्यांनी वही उलटी करून छातीशी धरली आणि त्या आत गेल्या. मनोहर जिना उतरून तळमजल्यावर आला. रजा अर्ध्याच दिवसाची होती. त्यानं दुपारच्या फायली टेबलावर ओढल्या आणि कामाला लागला.